वॉटर स्कीचं सामान: वाचक विचारतात

वॉटर स्कीइंगवर, म्हणजे पायांना स्की नावाच्या फळ्या बांधून बोटीमागे दोर धरून पाण्यावरून घसरत जाण्याच्या खेळावर, आलेल्या पत्रांपैकी सामानाबद्दलची पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेक पत्रं परदेशातल्या वाचकांची आहेत, कारण घराजवळ तळं आणि दारात बोट अशी सोय तिकडेच जास्त. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

आम्ही दरवर्षी ओंटारिओत तळ्याकाठी कॉटेज घेतो. यंदा १७ फुटी बोटही मिळणार आहे, ९० एचपीच्या आऊटबोर्डची (मागच्या फळीला बाहेरून लावलेल्या इंजिनाची). नवऱ्याचं वजन ८२ किलो, माझं ५८. दोघंही नवशिके. दोन स्की हा पोरखेळ आहे, थेट एकच घ्यायची, असा त्यांचा हट्ट आहे. काय घ्यावं? (टोरांटो)

हट्ट एक वर्ष पुढे ढकला आणि कॉम्बो जोडी घ्या. कॉम्बोत दोन स्की असतात आणि त्यांतल्या एकीवर मुख्य बाइंडिंगच्या (पाय स्कीला धरून ठेवणाऱ्या रबरी बुटाच्या) मागे आणखी एक पट्टा असतो. जोडीवर तोल बसला की चालत्या बोटीमागे दुसरी स्की सोडून द्यायची, मोकळा पाय त्या पट्ट्यात सरकवायचा आणि एकीवर जायचं. म्हणजे यजमानांची हौस त्याच सामानात भागते. प्रौढांसाठीची ६७ इंची (१७० सेंमी) जोडी तुम्हा दोघांनाही चालेल. बाइंडिंग मात्र सरकवून लहानमोठं करता येणारं हवं.

दुकानात उंची विचारली तर आपणहून वजन सांगा. पाण्यावरची स्की वजनावर आणि बोटीच्या वेगावर ठरते. स्कीचा तळ जितका मोठा, तितकी कमी वेगात उचल मिळते. वेग वाढला की तेवढीच उचल लहान तळही देतो. हा खेळ सुरू झाला तोच या गणितावर. १९२२ साली मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युअलसनने आधी पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही अरुंद, दोन्ही बुडाल्या. अखेर ८ फूट लांब आणि ९ इंच रुंद पाइनच्या फळ्या घेऊन त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली, तेव्हा तो उभा राहिला.

कॉम्बोवर यजमानांसाठी ताशी ३८ ते ४२ किलोमीटर आणि तुमच्यासाठी ३२ ते ३६ या अंदाजाने सुरुवात करा. वेग कमी पडला की स्की पाण्यात बसतात, पाय थरथरतात आणि माणूस हातांनी दोर ओढून घ्यायला लागतो. तिथेच तो मागे पडतो. अशा वेळी बोट चालवणाऱ्याला ‘हळू घे’ म्हणून ओरडणं चूक. ताशी दोनतीन किलोमीटर वाढवले की बहुतेकांचं जमतं.

पुढच्या वर्षी स्लॅलम स्की (दोन्ही पाय एकीवरच ठेवायची) घ्याल तेव्हा ताशी ४२ ते ४८ वेगासाठी ८२ किलोला ६७ ते ६८ इंच आणि ५८ किलोला ६५ इंच धरा. कंपनीचा तक्ता पाहाच, कारण रुंद स्कीची लांबी कमी चालते. दोन मापांच्या मधे अडकलात तर मोठं घ्या. स्पर्धेची कार्बन स्की कितीही सुरेख दिसली तरी पहिली म्हणून नको. ती ताठ आणि अरुंद असते. पाण्यातून उठताना तिला जास्त वेगाने ओढावं लागतं, आणि नवशिक्याच्या हातातून हँडल सुटतं ते नेमकं तेव्हाच. ‘वाइड’ म्हणून विकली जाणारी फायबरग्लासची स्की कमी कष्टात वर येते आणि बहुतेकांना तेवढी जन्मभर पुरते.

खरेदीचा क्रम मात्र उलटा ठेवा: आधी जॅकेट, मग दोर, शेवटी स्की. स्की कुणाची मागूनही आणता येते. शिवाय कॅनडात चालकाखेरीज मागे नजर ठेवणारा आणखी एक माणूस बोटीत लागतो आणि ओढल्या जाणाऱ्यासाठी बोटीत जागा रिकामी असावी लागते. सूर्यास्तानंतर एक तास उलटल्यापासून सूर्योदयापर्यंत कुणाला ओढायला बंदी आहे. तुम्ही दोघंच जाणार असाल तर तिसरा माणूस आधी शोधा.

स्कीवर उभं राहिल्यावर डाव्या पायाची टाच बाइंडिंगमधून वर येते. गेल्या वेळी पडलो तेव्हा एक पाय सुटला आणि एक अडकून राहिला, घोटा मुरगळला. बाइंडिंग सैल हवं की घट्ट? (मेलबर्न)

घट्ट, पण दोन्ही पायांना सारखं. तुमच्या पत्रातलं खरं दुखणं तेच आहे: एक सुटला, एक राहिला. सुटायचे तर दोन्ही पाय एकदम सुटावेत, नाहीतर दोन्ही राहावेत. एकच पाय अडकला की सगळ्या स्कीचं वजन आणि पाण्याचा रेटा त्या एका घोट्याला पिळतो. एकाच स्कीवर दोन बूट असतील तर हा धोका सर्वांत मोठा, म्हणून तिथे जुना सैल बूट आणि नवा कडक बूट अशी जोडी कधीच बसवू नये.

माप कोरड्या पायाने घेऊ नका. रबर आणि पाय दोन्ही ओले करा, बाइंडिंगसाठीचं वंगण किंवा पाण्यात पातळ केलेला भांड्यांचा साबण लावा आणि पाय आत सरकवा. टाच मागच्या कपाला टेकली पाहिजे. मग कुणाला तरी स्कीचं शेपूट पायाने दाबून धरायला सांगा आणि टाच वर ओढा. बोटभर उचलली गेली तर बाइंडिंग सैल आहे, सरकती पट्टी एक खाच पुढे घ्या. पाच मिनिटांत बोटं बधिर झाली तर घट्ट आहे. आत जाताना टाचेमागचं रबर दुमडतं, तेही बाहेर काढा. पुष्कळदा ‘टाच वर येते’ या तक्रारीचं मूळ एवढंच असतं. पाय घालताना रबर कडेने ओढू नका, फाटण्याची सुरुवात तिथून होते. पकडायला मागे जीभ दिलेली असते.

तळाचे स्क्रू दर वेळी पाण्यात जाण्याआधी हाताने तपासा. बाइंडिंग प्लेट हलत असेल तर स्क्रू नुसता आवळून भागत नाही. एक स्क्रू पूर्ण काढून पाहा. आतली पितळी किंवा स्टीलची नट-बुशी फिरत असेल तर स्की दुरुस्तीला द्यायची.

आम्ही देवबागला पर्यटकांना ट्यूबवर बसवून फिरवतो, आता स्कीही सुरू करायची आहे. मासेमारीचा नायलॉनचा दोर भरपूर मजबूत आहे, तोच वापरला तर काय बिघडतं? आणि दोर बोटीला बांधायचा कुठे? (मालवण)

बिघडतं, आणि दोन बाजूंनी. नायलॉन पाण्यापेक्षा जड, म्हणून तो बुडतो. पडलेल्या माणसाला दोर द्यायला बोट त्याच्याभोवती हळू फिरवावी लागते. तेव्हा बुडालेला दोर आधी इंजिनच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जातो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाशी माणूस असतो. दुसरी गोष्ट, नायलॉन ताणतो. होडी नांगरायला हा ताण उपयोगी पडतो. पण भरल्या ताणात हँडल सुटलं किंवा कडी उपटली तर तोच दोर बोटीतल्या माणसांच्या तोंडावर येतो. स्कीचा दोर तरंगणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनचा, विणलेला आणि बेताने ताणणारा असतो. वेकबोर्डचा (दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे बांधायच्या खेळाचा) दोर जवळपास ताणतच नाही. स्कीसाठी तो घेतला तर पाण्यातून उठतानाचा प्रत्येक झटका खांद्यात आणि कमरेत बसतो.

स्कीच्या दोराने ट्यूब ओढू नका, हे त्याहून महत्त्वाचं. ट्यूब पाण्यात रुतते, लाटेवर आपटते, तिचा ओढा स्कीवाल्याच्या कितीतरी पट. ट्यूबच्या दोराला माणसांच्या संख्येप्रमाणे ताकद लागते. अमेरिकेतल्या वॉटर स्पोर्ट्स उद्योगसंघटनेचे आकडे जगभर धरले जातात: एका माणसाच्या ट्यूबला १,५०० पौंड (साधारण ६८० किलो) ताण सोसणारा, दोघांना २,३७५ (१,०७७ किलो), तिघांना ३,३५० (१,५२० किलो), चौघांना ४,१०० पौंड (१,८६० किलो). लांबी ५० ते ६५ फूट. तुटलेला दोर गाठ मारून पुन्हा वापरायची सवय किनाऱ्यावर सगळीकडे आहे. गाठीजवळ दोराची ताकद जवळपास निम्मी होते, तेव्हा असा दोर नांगराला ठेवा, माणसांना नको.

बांधायचा कुठे, हेही तुम्ही विचारलं आहे. आऊटबोर्ड असेल तर मागच्या फळीच्या दोन्ही कड्यांना ‘व्ही’सारखा पट्टा बांधतात, त्यावर सरकती पुली आणि तरंगता गोळा असतो. त्यामुळे दोर पंख्याच्या वर राहतो आणि माणूस कडेला गेला तरी बोट तिकडे ओढली जात नाही. नुसत्या एका बाजूच्या खुंटीला बांधलात तर सुकाणू सतत उलटं धरून बसावं लागेल आणि एखाद्या दिवशी ती खुंटी उपटून येईल. समुद्रावरून आलं की दोर गोड्या पाण्यात बुचकळा आणि सावलीत टांगा. पॉलिप्रॉपिलीन उन्हाने मरतं. हाताला कुसळं लागायला लागली, दोर कडक झाला की तो गेला. हँडलमध्ये जिथे दोर शिरतो, तिथला भाग दररोज पाहा, पहिला तिथेच झिजतो.

परवान्याचं काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. ट्यूबचा परवाना स्कीला आपोआप लागू होईल असं धरून चालू नका, लेखी विचारा. बोट चालवणाऱ्याला आणि जीवरक्षकाला रीतसर प्रशिक्षण हवं असेल तर गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था जवळ पडेल.

विकत घेतलेल्या दोराला लाल, नारिंगी, पिवळे तुकडे आहेत. ते सगळे जोडायचे का? (सॅन होजे)

शिकताना सगळे, म्हणजे हँडलसह पूर्ण ७५ फूट, २३ मीटर. ते तुकडे स्लॅलमच्या स्पर्धेसाठी आहेत. लाल काढला की दोर १८.२५ मीटरचा होतो, मग नारिंगीला १६, पिवळ्याला १४.२५, हिरव्याला १३, निळ्याला १२. प्रत्येक फेरीला एकेक तुकडा गळतो. स्पर्धेत ज्यांना वळसा घालायचा ते बोये (तरंगत्या खुणा) बोटीच्या मधल्या रेषेपासून ११.५ मीटरवर असतात, दोर ११.२५चा झाला की तो बोयापर्यंत पोचतच नाही आणि उरलेलं अंतर स्वतःच्या हाताने आणि अंगाने काढावं लागतं. तुम्हाला यातला उपयोग एवढाच: तुमच्या बोटीमागची लाट ओलांडायला फार रुंद वाटत असेल तर लाल तुकडा काढून पाहा. बोटीच्या जवळ ती अरुंद असते.

नौकाविहारात मिळतं ते केशरी लाइफ जॅकेट चालेल का? की वेकबोर्डवाले घालतात ते पातळ वेस्ट? मला पोहता येतं, बायकोला जेमतेम. (नाशिक)

केशरी जॅकेट प्रवाशांसाठी असतं. त्याची मोठी कॉलर पडताना हनुवटीवर आदळते, बंद सुटतात आणि पाण्याच्या माऱ्यात ते डोक्यावरून निघूनही जातं. पातळ इम्पॅक्ट वेस्ट फासळ्या वाचवतं, पण त्यातली बरीचशी माणसाला तरंगत ठेवतील अशी प्रमाणित नसतात. तुम्हाला हवं ते या दोहोंच्या मधलं: निओप्रीनचं (फोमसारख्या मऊ रबराचं) किंवा जाड नायलॉनचं, आत फोमच्या पाट्या असलेलं, पुढे चेन आणि किमान दोन, शक्यतो चार आडवे पट्टे. आतल्या लेबलवर ‘५० न्यूटन’ (तरंगवण्याचं बळ) आणि ‘आयएसओ १२४०२-५’ हे मानक किंवा अमेरिकेच्या कोस्ट गार्डची मान्यता आणि वजनाची मर्यादा छापलेली असते. लेबल नसेल तर ठेवून द्या. हवा भरणारी जॅकेटं स्कीसाठी बादच. पहिल्याच डुबकीत फुगतात किंवा फाटतात.

बसतं का ते असं पाहा. पट्टे खालून वर आवळा, हात वर करा आणि कुणाला तरी खांद्याला धरून जॅकेट सरळ वर ओढायला सांगा. ते कानाला लागलं तर मोठं आहे. निओप्रीन पाण्यात सैल होतं, म्हणून दुकानात किंचित आवळ वाटलेलंच बरोबर.

पत्नीबद्दल स्पष्ट लिहितो. ५० न्यूटनचं जॅकेट पोहणाऱ्याला आधार देतं, बेशुद्ध माणसाला पालथ्याचं उताणं करत नाही. जेमतेम पोहता येत असेल तर आधी जॅकेट घालून खोल पाण्यात निवांत उताणं तरंगणं आणि कुशीवर वळणं जमलं पाहिजे. हे जमेपर्यंत दोर हातात घेऊ नये.

आमच्या बोटीला ६० एचपी आहे. मुलगा (१७ वर्षं, ७० किलो) दोन स्कीवर उठतो, पण एका स्कीवर बोट त्याला वर काढतच नाही, नुसती नाक वर करून पाणी उपसते. इंजिन बदलावं का? (ऑकलंड)

आधी पंखा बदलून पाहा. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, व्यास आणि पिच (एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकावा ते अंतर). पिच जास्त म्हणजे वरचा वेग जास्त आणि सुरुवातीची ओढ कमी. बोटींना कंपनीकडून येणारा पंखा बहुधा नुसता फेरफटका मारण्याच्या हिशेबाने असतो. पिच २ इंच उतरवा. दर इंचामागे पूर्ण थ्रॉटलवरचे (इंजिन पूर्ण जोरात असतानाचे) मिनिटाचे फेरे साधारण १५० ते २०० वाढतात, म्हणून आधी हल्लीचे फेरे मोजा. समजा इंजिनची मर्यादा ५,००० ते ६,००० आहे आणि तुमचे ५,२०० येतात, तर दोन इंच उतरवल्यावर ५,५०० ते ५,६०० होतील, ते चालतं. आताच ५,९०० येत असतील तर पिच उतरवू नका, इंजिन मर्यादेबाहेर जाईल; मग तितक्याच ओढीला चार पात्यांचा पंखा विचारा.

पैसे न लागणाऱ्या गोष्टी त्याआधी: इंजिन पूर्ण आत, बोटीकडे झुकवा (ट्रिम करा), बोटीतली माणसं आणि बर्फाची पेटी पुढे हलवा, बोटीच्या तळाशी (बिल्जमध्ये) साचलेलं पाणी उपसा. दोर ताठ झाल्याशिवाय थ्रॉटल देऊ नका. ढिल्या दोरावर दिलेला झटका मुलाच्या हातातून हँडल ओढून नेतो आणि दोष इंजिनला लागतो. एवढं करूनही अडलं तर रुंद स्की हा इंजिनापेक्षा फार स्वस्त उपाय आहे.

मुलगी सहा वर्षांची, २२ किलो. तिच्यासाठी काय? (ऑस्टिन)

४५ इंचांच्या आसपासची ट्रेनर जोडी, दोन्ही स्की मधे दांडीने जोडलेल्या. मुलांचे पाय फाकतात आणि तिथेच सगळं संपतं. दांडी तेवढं सांभाळते. यातल्या काही जोड्यांना दोर स्कीच्या टोकांना बांधलेला असतो आणि मुलीच्या हातात नुसतं आधाराचं हँडल असतं. ओढ हातांवर येत नाही, म्हणून ही रचना छान आहे, पण एक अट आहे: तो दोर बोटीला कधीही बांधायचा नाही. दुसरं टोक बोटीतल्या मोठ्या माणसाच्या हातात हवं. मुलगी पडली तरी स्की ओढल्या जातच राहतात, कारण तिने सोडण्यासारखं तिच्या हातात काही नाही. मोठ्याने त्याच क्षणी सोडलं पाहिजे. म्हणून हाताला दोराचे वेढेही घ्यायचे नाहीत.

वेग ताशी १६ ते २२. बोट चालवणाऱ्याला हा वेग राखता येत नसेल तर मुलीला स्की देऊ नका. जॅकेट तिच्या वजनाचं, पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचं हवं. ‘दोन वर्षं चालेल’ म्हणून मोठं घेणं इथे चालत नाही. हँडल बारीक दांडीचं घ्या, मोठ्यांच्या हँडलवर तिची बोटं पुरत नाहीत.

वापरलेली स्लॅलम स्की स्वस्तात मिळते आहे. काय बघून घ्यावी? फिनचे (तळाला शेपटाकडे असलेल्या उभ्या पात्याचे) स्क्रू सैल करून फिन नीट बसवून देतो असं विकणारा म्हणतो. (न्यू जर्सी)

फिनला हात लावू देऊ नका. त्याची लांबी, खोली आणि शेपटापासूनचं अंतर कंपनीने ठरवलेलं असतं आणि ते कॅलिपरने इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. उलट कंपनीचे त्या मॉडेलचे आकडे शोधा आणि हातातली स्की मोजून पाहा. आकडे फार वेगळे निघाले तर फिन आधीच कुणीतरी हलवलेलं आहे. ते कंपनीच्या आकड्यावर आणून घ्या. फिन कमी खोल बसलं असेल तर वळणावर शेपूट घसरतं आणि घेणाऱ्याला वाटतं स्कीच वाईट.

मग स्की उलटी करून नाण्याने टकटक करत शेपटापासून टोकापर्यंत जा. टणक आवाज मधेच बद्द झाला तर तिथे आतला फोम आणि वरचं आवरण सुटलं आहे. बाइंडिंग काढायला लावा, भोकांभोवती केसासारख्या चिरा असतील तर पाणी आत गेलेलं असतं. स्की उभी करून अर्धा तास ठेवा, भोकातून थेंब येतात का पाहा. कडा बोटाने तपासा. शेपटाजवळच्या कडेचा टवका सर्वांत जास्त त्रास देतो. बुटाचं रबर चुरगळून पाहा, भेगा दिसल्या तर नव्या बुटांचे पैसे किमतीत धरा. गाडीच्या डिकीत उन्हाळाभर पडून राहिलेली स्की घेऊ नका, उष्णतेने आतला चिकट थर सुटतो.

दुबईत पाणी गरम असतं. वेटसूट लागतो का? (दुबई)

थंडीसाठी नाही. पण निओप्रीनची अर्धी चड्डी जरूर घाला, बायकांनी तर नक्कीच. वेगात ढुंगणावर पडलं की पाणी दाबाने शरीरात शिरतं आणि आतल्या नाजूक भागांना इजा होते. हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे, सामान विकणारे सहसा सांगत नाहीत. नुसता पोहण्याचा पोशाख हा मारा अडवत नाही. वर पूर्ण बाह्यांचा उन्हापासून वाचवणारा सदरा घाला. हातमोजे तळव्याला पातळ आणि आवळ घ्या. तळहाताशी कापड गोळा होत असेल तर फोड मोज्याविना येतात त्याहून लवकर येतील.